एक ऑगस्टच्या आत

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मुलाला घरी शिकवायचं ठरवलं, की वर्षात दोन तारखा पाळाव्या लागतात. १५ ऑगस्टपर्यंत आपल्या भागाच्या शाळा अधीक्षकांना 'यंदा आम्ही घरीच शिकवणार आहोत' असं लेखी कळवायचं आणि सोबत विषयांची यादी जोडायची. मग वर्षभर शिकवायचं आणि पुढच्या १ ऑगस्टपर्यंत मूल पुढे सरकल्याचा पुरावा द्यायचा. पहिलं काम अर्ध्या तासात होतं. दुसऱ्याची चर्चा आमच्या घरात फेब्रुवारीत सुरू झाली ती जूनपर्यंत चालली.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. तिथे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. नवऱ्याला कंपनीने इकडे पाठवलं तेव्हा लेक तिसरीत होती. त्याचं कामच असं, की एक प्रकल्प संपला की दुसरं गाव, कधी दुसरं राज्य. पहिल्याच वर्षात तिची शाळा पुन्हा बदलायची वेळ येणार असं दिसलं तेव्हा आम्ही तिला घरी शिकवायचा निर्णय घेतला. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, आणि शिकवणं तर हाडात मुरलेलं. त्यामुळे शिकवायची धास्ती नव्हती. शिकलेलं मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र होता.

घरच्या शाळेचं पहिलं वर्ष न्यू जर्सीत गेलं. तिथे कुणाला आधी कळवावं लागत नाही आणि वर्षाअखेरीस काही दाखवावंही लागत नाही. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की सगळंच वेगळं. तिथे वर्षभराच्या कामाची फाइल ठेवायची, ती पात्र मूल्यमापकाकडून तपासून घ्यायची, शिवाय तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित चाचणीही द्यायची. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल पाठवावा लागतो. एकाच देशात हे इतके वेगवेगळे कायदे बघून मी चकित झाले होते. कुणी विचारत नाही याचं न्यू जर्सीत सुरुवातीला बरं वाटलं. पण एप्रिल आला तशी मी अस्वस्थ झाले. गावाकडे हे दिवस वार्षिक परीक्षेचे, निकालपत्रकांचे. फोनवर सासूबाई नातीला विचारायच्या, "मग यंदा निकाल कधी?" लेक माझ्याकडे बघायची. तिलाही जाणून घ्यायचं होतं, आपलं कसं चाललंय ते. मुलांना स्वतःबद्दल हे कळण्याची भूक असते, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणून आम्ही व्हर्जिनियात आलो तेव्हा तिथल्या नियमाचा मला जाच वाटला नाही. कुणीतरी विचारतंय, याचं बरंच वाटलं.

व्हर्जिनियात घरी शिकवण्याला १९८४ मध्ये कायद्याची वाट मिळाली. पुरावा द्यायचे मुख्य मार्ग दोन. पहिला, देशपातळीवर प्रमाणित केलेली चाचणी द्यायची आणि त्यात चौथं किंवा त्याच्या वरचं स्टॅनाइन मिळवायचं. दुसरा, मुलाच्या अभ्यासाची नीट माहिती असलेल्या परवानाधारक शिक्षकाचं, किंवा एखाद्या शैक्षणिक विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या व्यक्तीचं, 'या मुलाची प्रगती पुरेशी आहे' असं पत्र द्यायचं. पुरावा कमी पडला तर अधीक्षक एका वर्षाची मुदत देऊ शकतात. त्या वर्षात उणीव कशी भरून काढणार याचा आराखडा द्यावा लागतो.

स्टॅनाइन म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली. शंभर मुलं गुणांप्रमाणे ओळीने उभी केली आणि त्या ओळीचे नऊ गट पाडले. टोकांचे गट लहान, मधले मोठे. सगळ्यांत खालच्या गटात ४, मग ७, मग १२. म्हणजे खालच्या तीन गटांत मिळून २३ मुलं. त्यांच्या पुढे असलं की चौथं स्टॅनाइन. ही रेषा फार खाली आहे असं मला आधी वाटलं. विचार केल्यावर पटलं, की कायद्याची रेषा खालीच असायला हवी. एखादं मूल अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही ना, एवढं बघणं सरकारचं काम. त्यापुढचं बघणं आई-बापाचं.

नवऱ्याचा कल चाचणीकडे होता, आणि त्याचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. उद्या आपण परत गेलो तर ती कुठल्या तरी वर्गात बसणार, पुढे दहावी देणार. घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय आत्तापासून असलेली बरी. शिवाय आकडा आकडा असतो, तो आईच्या मायेने बदलत नाही. हे शेवटचं वाक्य त्याने जपून उच्चारलं, पण ते खरं होतं. आपणच शिकवायचं आणि आपणच शाबासकी द्यायची, यात मुलाचं नुकसान होऊ शकतं.

माझा कल पत्राकडे होता. त्यामागे माझी सगळी नोकरी होती. शिक्षण हक्क कायदा आल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. आकारिक आणि संकलित असे मूल्यमापनाचे दोन भाग झाले. आकारिकसाठी आठ साधनं दिली होती: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. त्यात लेखी चाचणी आठांतली एक. कल्पना मला तेव्हाही मनापासून पटली होती आणि आजही पटते. शिक्षकाने मुलाला रोज बघावं, जे दिसेल ते लिहावं, आणि वर्षाच्या शेवटी त्या नोंदींतून मूल दिसावं. पण एका शिक्षिकेकडे दोन वर्ग आणि शेजारच्या बाई रजेवर, अशा दिवसांत नोंदवहीत काय लिहिलं जाणार? 'उपक्रमात सहभागी होतो.' 'अक्षर सुवाच्य काढते.' 'परिसराविषयी माहिती सांगतो.' मार्चच्या शेवटी आम्ही शिक्षिका ओळीने बसून वर्णनात्मक नोंदी पूर्ण करायचो. मुलं वेगळी असायची, वाक्यं तीच. त्या वह्या लिहिताना मला वाईट वाटायचं, कारण ज्या मुलाबद्दल लिहिलंय ते त्या वाक्यात नसायचं.

आता माझ्यासमोर एकच मूल होतं. ती नोंदवही जशी असायला हवी होती तशी भरण्याची संधी मला मिळाली होती. व्हर्जिनियात सप्टेंबर लागताच मी तिच्याकडून एक पानभर लेखन करून घेतलं, वर तारीख घातली आणि फाइलला लावलं. एक उतारा मोठ्याने वाचून घेतला आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला. गणितातली काही उदाहरणं दिली; त्यात मुद्दाम तिला न येणारीही घातली. असंच जानेवारीत आणि मे महिन्यात केलं. वाचलेल्या पुस्तकांची यादी तिची तीच ठेवायची, आवडलेल्यांपुढे चांदणी, अर्धवट सोडलेल्यांपुढे फुली. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांची नोंद मला चांदण्यांइतकीच उपयोगी पडली. माहितीपर पुस्तकांपुढे फुल्या जास्त आहेत, हे त्यातूनच लक्षात आलं.

नवऱ्याचं आणि माझं एकमत झालं ते असं. कार्यालयात एकच पुरावा द्यायचा असतो. मग चाचणीही घेऊ आणि मूल्यमापनही करून घेऊ; दोन्ही समोर आली की काय पाठवायचं ते ठरवू. चाचण्यांतही प्रकार असतात. काही आई-वडिलांना घरीच घेता येतात, काहींना पदवीधर परीक्षक लागतो. काहींत प्रत्येक भागाला वेळ बांधून दिलेला असतो. स्टॅनफर्डसारख्या चाचणीत मुलाला हवा तेवढा वेळ देतात. संगणकावरच्याही असतात, त्यांत उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो. आम्ही घरी घेता येणारी, वेळ लावलेली, कागदावरची चाचणी मागवली.

जेवणाच्या टेबलावर लेकीने तो पेपर सोडवला. मी समोर घड्याळ घेऊन बसले होते आणि सूचना शब्दशः वाचून दाखवत होते, कारण एक शब्दही इकडेतिकडे करायचा नसतो. गोल काळा करायला तिला मजा वाटली. गणितात ती भराभर पुढे गेली आणि मापांपाशी अडली. साताऱ्यात सेंटिमीटर, लिटर, किलो शिकलेली मुलगी. इथे इंच, पाउंड, गॅलन. नाण्यांचंही तेच. पाच सेंटचं नाणं मोठं आणि दहा सेंटचं लहान, याचा तिला राग होता. मग भाषेचा भाग आला. वाक्यात चूक कुठे आहे ते शोधायचं. तिला शब्दांच्या चुका चटकन सापडत होत्या, पण मोठ्या अक्षराच्या चुका नजरेतून निसटत होत्या. नदीचं, गावाचं, महिन्याचं नाव लहान अक्षराने सुरू झालेलं असायचं आणि ती 'चूक नाही'चा गोल काळा करायची. ती तेव्हा रोज संध्याकाळी आजीला मराठीत पत्र लिहीत होती. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतंच. समोर बसून मला हे दिसत होतं आणि तोंड बंद ठेवावं लागत होतं, ते फार जड गेलं.

निकाल आला. गणितात ८१, वाचनात ६८, भाषेत ४४. हे पर्सेंटाइल होते. सासूबाईंना फोनवर नातीनेच सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग मला हाक. "अगं, चव्वेचाळीस म्हणजे पस्तिसाच्या जरा वर. एवढी हुशार पोर, झालं काय तिला?" मी म्हटलं, "आई, हे शंभरपैकी गुण नाहीत. तिच्या वयाची शंभर मुलं घेतली तर चव्वेचाळीस जण तिच्या मागे आहेत आणि ती साधारण मधोमध आहे." त्या म्हणाल्या, "मग तिच्या मागे कोण आहे ते सोड, तिला स्वतःला काय येतं ते सांग की." माझ्या मनात महिनोन्‌महिने जे घोळत होतं ते त्या एका वाक्यात बोलून गेल्या.

पर्सेंटाइलबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण आपण टक्केवारीत वाढलेली माणसं इथे हमखास गडबडतो. पुढच्या वर्षी तोच पर्सेंटाइल आला तर मूल जागच्या जागी राहिलं असा अर्थ होत नाही. बाकीची मुलंही वर्षभर शिकलेली असतात. त्यांच्यासोबत ते वर्षभर पुढे आलं, असा त्याचा अर्थ. दुसरं, निकालपत्रकावर इयत्तेचाही एक आकडा असतो. चौथीच्या मुलापुढे ६.४ लिहिलं असलं तर त्याला सहावीचं गणित येतं असं मुळीच नाही. सहावीच्या चौथ्या महिन्यातल्या सर्वसाधारण मुलाने चौथीचा हाच पेपर सोडवला असता तर जेवढे गुण मिळवले असते, तेवढे याने मिळवले, इतकंच. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत याच आकड्यावरून पेढे वाटलेले मी पाहिले आहेत आणि मग त्या मुलावर दोन इयत्ता वरची पुस्तकं लादलेलीही पाहिली आहेत.

मूल्यमापनासाठी ग्रंथालयात भेटणाऱ्या एका आईने एका निवृत्त शिक्षिकेचं नाव सुचवलं. त्यांचा शिक्षकी परवाना चालू होता. त्या बाईंनी ग्रंथालयातल्या अभ्यासिकेत आम्हाला बोलावलं. फाइल माझ्याकडून घेतली, पण बोलल्या सगळं लेकीशी. आधी सप्टेंबरचं पान आणि मेचं पान शेजारी ठेवलं. सप्टेंबरमध्ये तिने वाईच्या गणपतीच्या घाटावर लिहिलं होतं. घाट छान, पाणी छान, देऊळ छान. मेमध्ये जेम्सटाउन बघून आल्यावर लिहिलं होतं. १६०७ मध्ये आलेल्या इंग्रजांनी दलदलीच्या जागी वस्ती का केली आणि त्यामुळे त्यांचे काय हाल झाले, असं सगळं. बाईंनी विचारलं, "यातलं कुठलं पान तुला पुन्हा लिहावंसं वाटतं?" तिने वाईचं पान उचललं. म्हणाली, "घाट मला जास्त माहितीये, पण मी काहीच सांगितलं नाही." कुठल्याही गुणपत्रकात न मावणारी गोष्ट होती ही. दहा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या लेखनातलं उणं कळलं होतं.

मग त्यांनी एक तोंडी उदाहरण घातलं. पन्नास डॉलर चार मैत्रिणींत सारखे वाटायचे. लेकीचे ओठ हलले आणि उत्तर आलं, साडेबारा. "तू आत्ता काय पुटपुटलीस ते मोठ्याने म्हण," बाई म्हणाल्या. "बारा चोक अठ्ठेचाळीस, उरले दोन, प्रत्येकीला अर्धा." त्यांनी तिला बाराचा पाढा पूर्ण म्हणायला लावला आणि तो ऐकताना वहीत काहीतरी लिहिलं. शेवटी मला म्हणाल्या, हिच्या उत्तरांपुढे एकक नसतं, त्याकडे लक्ष द्या. मोठ्या अक्षरांसाठी आठवड्यातून दोनदा श्रुतलेखन घ्या, वेगळ्या व्याकरणाच्या पुस्तकाची गरज नाही. प्राण्यांवरची, यंत्रांवरची छोटी पुस्तकं द्या, जाडजूड देऊ नका. मोठ्या अक्षरांचं निदान चाचणीतूनही निघालं होतं. पुढे करायचं काय, ते या बाईंच्या तासाभरातून मिळालं.

घरी आलेलं पत्र मात्र चार ओळींचं होतं. मुलीचं नाव, आपण काम तपासलं, तिच्याशी बोललो, आणि प्रगती पुरेशी आहे. कायद्याला एवढंच लागतं. आम्ही तेच पत्र जूनअखेरीस अधीक्षकांच्या कार्यालयात पाठवलं. काही दिवसांनी स्वीकारल्याचं उत्तर आलं. चाचणीचा कागद घरीच राहिला.

यात एक धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. पत्राचा मार्ग जितका चांगला, तितकाच पोकळही होऊ शकतो. पदव्युत्तर पदवी असलेल्या ओळखीच्या माणसाकडून, वहीचं पानही न उलटता, चार ओळी लिहून घेणारे पालक मला भेटले आहेत. कार्यालय ते पत्र घेईलही. पण मुलाला गुणाकार येत नाही, हे मग त्या घरात कुणाला कधी कळणार? कायद्याने मुलाच्या अभ्यासाची माहिती असलेली व्यक्ती मागितली आहे, ती अट मला या सगळ्या नियमातली सर्वांत मोलाची वाटते. मूल्यमापक निवडताना मी एकच गोष्ट बघते. ही व्यक्ती मुलाशी किमान तासभर बोलणार आहे का, आणि तिला जे खटकेल ते मला तोंडावर सांगणार आहे का. गोड बोलणारा नको.

त्यानंतर आमची रीत बसली. कार्यालयासाठी दरवर्षी पत्र, आणि आमच्यासाठी वर्षाआड चाचणी. दुसऱ्या चाचणीत भाषा ४४ वरून ६१ वर गेली. श्रुतलेखनाचा गुण. गणित ८१ वरून ७९ वर आलं तेव्हा नवरा चिंतेत पडला. मी त्याला फाइल उघडून दाखवली. अपूर्णांक, दशांश, क्षेत्रफळ, सगळं त्या दोन वर्षांत नव्याने आलेलं. चाचणीतले दोन-चार पर्सेंटाइल एखाद्या प्रश्नानेही हलतात. त्यावरून शिकवणी लावायचं काही कारण नव्हतं आणि आम्ही लावली नाही.

हल्ली पुण्याची माझी एक मैत्रीण तिच्या मुलाला घरी शिकवते आणि ती मला याच गोष्टी विचारते. आपल्याकडे घरी शिकणाऱ्या मुलाच्या प्रगतीचा दरवर्षी पुरावा द्या, असं सांगणारी तरतूद नाही. पुढे दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. त्या संस्थेचे तिसरी, पाचवी, आठवीला समकक्ष असे टप्पेही आहेत. पण मधल्या वर्षांत कुणी दार वाजवत नाही. तिला हे स्वातंत्र्य वाटतं. मला काळजी वाटते. दहावीच्या फॉर्मपर्यंत थांबून मूल कुठे आहे ते बघायचं, तर तोवर बरीच वर्षं निघून गेलेली असतात.

म्हणून घरी शिकवणाऱ्या सगळ्या आई-बाबांना माझी विनंती आहे, मग तुम्ही पुण्यात असा, न्यू जर्सीत असा की कुणीच काही विचारत नाही अशा आणखी कुठल्या ठिकाणी. वर्ष सुरू होताना मुलाकडून एक पान लिहून घ्या, एक उतारा वाचून घेऊन त्याचं ध्वनिमुद्रण करा, दहा उदाहरणं सोडवून घ्या आणि प्रत्येकावर तारीख घाला. मध्यावर आणि शेवटी पुन्हा तेच करा. आणि वर्षातून एकदा, तुमच्या घरातला नाही अशा एखाद्या चांगल्या शिक्षकासमोर ती फाइल आणि ते मूल दोन्ही बसवा. तुमच्या गावात निवृत्त बाई किंवा गुरुजी नक्की असतील. त्यांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत.